शुभवर्तमानं ‘साहित्य म्हणून’ वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की चार शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावानं बायबलमध्ये असलेल्या येशूच्या चार चरित्रांत, एकच प्रसंग चार तऱ्हांनी येतो. मग अभ्यासक ‘साहित्य म्हणून वाचा’ म्हणतात तेव्हा ते ही तफावत झाकतात का, आणि अशा वाचनानं श्रद्धेला धक्का लागत नाही का. मी ख्रिस्ती घरात वाढले आणि पुढे बरीच वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. उत्तर मी मुख्यतः एकाच शुभवर्तमानावरून देते, मार्कच्या. चौघांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत आधीचं, इ. स. ७० च्या आसपासचं.

त्याआधी आपली एक सवय बाजूला ठेवावी लागते. नाताळच्या देखाव्यात गव्हाण असते, मेंढपाळ असतात, ताऱ्याच्या मागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोकही असतात. गव्हाण आणि मेंढपाळ लूककडचे, तारा आणि मागी मत्तयकडचे. मार्ककडे तर जन्माची कथाच नाही. त्याचा येशू मोठा होऊनच यार्देन नदीवर येतो. म्हणजे आपल्या मनातली गोष्ट ही या चौघांतून आपण जुळवलेली पाचवी गोष्ट आहे. ही जुळणी फार जुनी. इ. स. १७० च्या सुमारास तातियान या ख्रिस्ती लेखकानं चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग ग्रंथ केला आणि सीरियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत तो दीर्घकाळ वाचला गेला. आपल्याकडे १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराणही ओव्यांमधून एकच अखंड चरित्र सांगतं. भक्तीला अशी एक सलग गोष्ट हवी असते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तिच्यात मार्कचा स्वतःचा आवाज बुडतो, आणि तो आवाज ऐकणं हाच साहित्यिक वाचनाचा पहिला हेतू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन अभ्यासकांचं लक्ष सुट्या प्रसंगांवर होतं. डिबेलियस (१९१९) आणि बुल्टमान (१९२१) यांनी शुभवर्तमानातला एकेक प्रसंग वेगळा काढून तो लिहिला जाण्यापूर्वी तोंडी परंपरेत कसा फिरत असेल याचा शोध घेतला. मराठी वाचकाला हे लीळाचरित्रावरून चटकन कळेल. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसं गाठून चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. एकेक लीळा स्वतंत्र, आपल्या जागी पुरी. शुभवर्तमानातले प्रसंगही असेच घडले असणार. मात्र या पद्धतीत मार्क हा निव्वळ मणी ओवणारा ठरत होता. १९५० च्या दशकात ओवणाऱ्याच्या विचारांकडे लक्ष गेलं, आणि १९७० नंतर कथनमीमांसेच्या अंगानं संपूर्ण माळच पाहायला सुरुवात झाली: निवेदक कोण, त्याला काय ठाऊक आहे, पात्रांना काय ठाऊक नाही, कुठली गोष्ट कुठे थांबवली, कुठला शब्द पुन्हा आणला. १९८२ मध्ये डेव्हिड ऱ्होड्स आणि डोनाल्ड मिची यांनी अख्खा मार्क एक कथा म्हणून वाचून दाखवला, तेव्हापासून ही वाट रुळली.

सिद्धान्त एवढा पुरे. पाचवा अध्याय उघडा.

याईर नावाचा सभास्थानाचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाचा, अधिकारी येशूच्या पाया पडतो. मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, लवकर चला. येशू निघतो. वाटेत गर्दी. त्या गर्दीत १२ वर्षं रक्तस्राव सोसणारी एक बाई आहे. पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते खर्च झालं, गुण तर नाहीच, उलट दुखणं वाढलं. ती मागून येऊन वस्त्राला शिवते आणि बरी होते. इथे गोष्ट पुढे जायला हवी, कारण तिकडे पोर मरतेय. पण येशू थांबतो. कोण शिवलं, म्हणून विचारतो. शिष्य वैतागतात. बाई थरथरत पुढे येते, पाया पडते, सगळी हकीकत सांगते. या सगळ्या वेळात याईर तिथेच उभा आहे, पण मार्क त्याच्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तो कसा उभा असेल हे आपल्यालाच कळतं, कारण आपणही त्याच्यासारखेच ताटकळलेले असतो. मग येशू त्या बाईला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. ते बोलणं चालू असतानाच घरून माणसं येतात: तुमची मुलगी गेली.

एका मुलीला हाक मारली जातेय आणि त्याच क्षणी दुसऱ्या मुलीच्या मरणाची बातमी येतेय. हे दोन वाक्यांचं शेजारपण कुणीतरी विचार करून साधलेलं आहे. येशू याईरला म्हणतो, भिऊ नको, फक्त विश्वास धर. विश्वास म्हणजे काय, हे त्यानं नुकतंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही अशा बाईकडून जिचं नाव कुणी विचारलं नाही. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला तिच्याकडून शिकायचंय. पुढे मुलगी उठते, चालू लागते, आणि मगच, अगदी शेवटी, मार्क सांगतो की ती १२ वर्षांची होती. बाईचं दुखणं सुरू झालं त्याच सुमाराला ही पोर जन्मली.

आता शेजारच्या दोघांकडे पाहा. लूक मुलीचं वय सुरुवातीलाच सांगून टाकतो, आणि ‘उलट दुखणं वाढलं’ हे वाक्य गाळतो. मत्तयात तर बाप येतो तोच ‘माझी मुलगी आताच मेली’ म्हणत. मग उशीर होण्याची धास्ती उरतच नाही, आणि वयाचा उल्लेखही जातो. मार्कच्या २३ वचनांच्या जागी मत्तयला ९ पुरतात. तुम्ही जिला तफावत म्हणता ती इथे आहे, आणि ती झाकण्याचं काहीच कारण नाही. मत्तयला येशूचा अधिकार ठसवायचा आहे, मार्कला वाट पाहायला लावायचं आहे. दोघांच्या हातात कथा एकच, पण ती ऐकणाऱ्यावर वेगवेगळं काम करते. (प्रवचनांत या बाईच्या विटाळावर फार भर दिला जातो. मार्कच्या या प्रसंगात ‘अशुद्ध’ हा शब्द नाही. तो दुखण्याबद्दल आणि संपलेल्या पैशाबद्दल बोलतो. मजकुरात काय नाही हे पाहणं हाही या वाचनाचा भाग आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.)

एका कथेच्या पोटात दुसरी कथा ठेवण्याची ही रीत मार्क वारंवार वापरतो. अंजिराच्या झाडाला शाप, मग मंदिरातली उलथापालथ, मग वाळलेलं झाड. आत येशूची चौकशी, बाहेर अंगणात त्याचा शिष्य पेत्र ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून नाकारतो. त्या चौकशीत काही जण येशूचं तोंड झाकून त्याला मारत ‘आता भविष्य सांग’ म्हणून टिंगल करतात, आणि त्याच वेळी खाली अंगणात त्यानं पेत्राबद्दल केलेलं भविष्य, ‘कोंबडा दोनदा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील’, अक्षरशः खरं ठरत असतं. मारणाऱ्यांना ते कळत नाही, पेत्रालाही कोंबडा आरवेपर्यंत कळत नाही. कळतं ते फक्त वाचणाऱ्याला.

याच अंगणाबद्दल एरिक आउएरबाख या ज्यू अभ्यासकानं लिहिलं, आणि ते वाचल्यापासून तो प्रसंग मला पूर्वीसारखा वाचताच आला नाही. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून तो इस्तंबूलला गेला आणि युद्धकाळात तिथेच त्यानं पाश्चात्त्य साहित्यातल्या वास्तवाच्या चित्रणावरचा आपला ग्रंथ लिहिला. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुद्दा असा की ग्रीक-रोमन वाङ्मयाच्या संकेतांत गंभीर शोकात्म शैली उच्चकुलीनांसाठी राखलेली. कोळी, दासी, शिपाई आले तर ते हसण्यापुरते. इथे मात्र गालीलचा एक कोळी, पेत्र, शेकोटीपाशी आहे, एक दासी त्याच्या तोंडाकडे पाहून त्याला ओळखते, आणि त्याचं कोसळणं पूर्ण गांभीर्यानं सांगितलं जातं. मार्कची ग्रीक भाषा साधी, बरीचशी बोलीसारखी. त्या साधेपणाकडे दोष म्हणून पाहणाऱ्यांना आउएरबाखनं दिलेलं हे उत्तर मला आजही पुरेसं वाटतं.

मार्कचे धागे लांबवरही जातात. दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडे काहीतरी मागायला येतात. तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? ते म्हणतात, तुझ्या वैभवात एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. थोड्याच ओळींनंतर यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला तो हाच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, मला दिसू दे. डोळस शिष्यांनी आसनं मागितली, आंधळ्यानं दृष्टी मागितली. मग पंधराव्या अध्यायात येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे खरोखरच दोघं येतात, वधस्तंभावरचे दोन लुटारू. ‘तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही’ हे वाक्य तिथे पोचल्यावर पुरतं उलगडतं.

गतीकडेही लक्ष द्या. सुरुवातीच्या अध्यायांत सगळं ‘लगेच’ घडतं. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द सुमारे ४० वेळा येतो. शेवटच्या दिवशी मात्र मार्क तास मोजू लागतो: तिसरा, सहावा, नववा. धावणारी कथा वधस्तंभाशी येऊन जवळजवळ थांबते. हे डोळ्यांनी वाचताना निसटतं, कानांनी ऐकताना नाही. आणि मार्कचे पहिले वाचक हे बहुतांशी ऐकणारेच होते.

आता श्रद्धेबद्दल. साहित्यिक वाचन ‘हे घडलं का’ या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि देतं असा दावा कुणी केला तर तो मानू नका. त्यासाठी इतिहासाची साधनं लागतात. शिवाय इतिहास पूर्ण बाजूला ठेवून मार्क वाचताही येत नाही. तेराव्या अध्यायात मंदिराच्या विध्वंसाबद्दल बोलताना निवेदक मध्येच ‘वाचणाऱ्यानं हे समजून घ्यावं’ असं म्हणतो. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्यानं यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं हे ठाऊक नसेल तर त्या वाक्यातला थरकाप कळणार नाही. अंजिराच्या झाडाच्या कथेचा पुढच्या शतकांत ज्यू लोकांविरुद्ध शस्त्रासारखा वापर झाला. येशू, त्याचे शिष्य आणि त्या मंदिरात येणारे भाविक हे सारे ज्यूच होते, हे विसरून केलेलं वाचन कितीही कलात्मक असलं तरी मला ते नको. पण लेखकानं शब्द कुठे ठेवला, गप्प कुठे राहिला हे मन लावून पाहण्यात अपमान कसला? ज्या मजकुराला आपण पवित्र मानतो त्याला एवढा वेळ तरी द्यायलाच हवा.

शेवटची गोष्ट शेवटाची. काही वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आम्ही आठ-दहा जणांनी मार्क एका बैठकीत मोठ्यानं वाचला. दीड तास लागला. मी मुद्दाम सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबले, कारण चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन, मार्क तिथेच संपतो. पुढची वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाया कबरेपाशी येतात, शुभ्र झगा घातलेला तरुण सांगतो की तो उठला आहे, जा आणि सांगा. त्या पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत. ग्रीकमधले अखेरचे दोन शब्द ‘एफोबुन्तो गार’. छापील भाषांतरांत हे ‘कारण’नं सुरू होणारं वाक्य होतं. बोलीत मी त्याचं असं करीन: भ्यायल्या होत्या ना.

खोलीत शांतता. मग एका वयस्कर बाईंनी विचारलं, ‘पान राहिलं का गं एखादं?’ शेवटचं पान हरवलं असावं असं मानणारे अभ्यासकही आहेतच. माझा कल दुसरीकडे आहे. या ग्रंथात येशू बऱ्या केलेल्या लोकांना पुष्कळदा ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो आणि तरी काही जण गावभर सांगत सुटतात. इथे ‘सांगा’ म्हटलं जातं, आणि सगळं गप्प. निरोप मात्र आपण ऐकलेला असतो.

त्या निरोपात एक बारकावा आहे, तो तुम्ही स्वतः ताडून पाहा. मत्तयात देवदूत म्हणतो, त्याच्या शिष्यांना सांगा. मार्कचा तरुण म्हणतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. मार्कमध्ये पेत्र याआधी आपल्याला शेवटचा दिसला होता तो अंगणात, कोंबडा आरवल्यावर, रडताना.