लॅटिनचा पेपर जर्मनमधून असतो

"ताई, डेक्कन कॉलेजमधून पुरातत्त्वात एमए केलंय. जर्मनीत रोमन पुरातत्त्वात पीएचडी करून तिथेच प्राध्यापक व्हायचंय. लॅटिन येत नाही, जर्मनची ए-टू पातळी झालीय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. निघू का?" तुझा निरोप चार ओळींचा, पण उत्तर लांबणार आहे.

आधी लॅटिनचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. इथे जर्मनीत 'लॅटिन येतं' याचा अर्थ 'लॅटिनुम' नावाची परीक्षा पास झालेली आहे. सिसेरो या रोमन लेखकाच्या तोडीचा सुमारे 180 शब्दांचा उतारा, 3 तास वेळ, शब्दकोश जवळ ठेवायची मुभा. ऐकायला सोपं वाटतं ना? पण भाषांतर करायचं असतं जर्मनमध्ये. मी पहिल्या खेपेला नापास झाले ती लॅटिनमुळे नव्हे. सिसेरोचं मारुतीच्या शेपटासारखं वाक्य मला कळलं होतं, पण त्याची क्रियापदं जर्मनमध्ये जिथल्या तिथे बसवेपर्यंत वेळ संपली. शाळेतलं संस्कृत मात्र उपयोगी पडलं. 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या माणसाला 'रोसा, रोसाए' काय घाबरवणार? विभक्त्या सहाच, आणि द्विवचन नाहीच. प्राचीन इतिहासाकडे वळलीस तर बहुधा ग्रीकही लागेल. तेव्हा संस्कृतचं द्विवचनसुद्धा आठवेल.

दुसरं म्हणजे, तू ज्याला 'रोमन पुरातत्त्व' म्हणतेस ते इथे एका विभागात मिळत नाही. मूर्ती, मंदिरं, ग्रीस-इटली हवं असेल तर अभिजात पुरातत्त्व. ऱ्हाइन-डॅन्यूबकाठचे किल्ले, सैनिकांच्या वस्त्या, शेतवाडे, लिमेस म्हणजे ती 550 किलोमीटरची सरहद्द, हे सगळं 'रोमन प्रांतांचं पुरातत्त्व'. ते कोलोन, फ्रँकफर्ट, फ्रायबुर्ग अशा मोजक्याच ठिकाणी शिकवतात. प्राचीन इतिहास तर इतिहासाच्या लोकांकडे. त्यांचं दैवत शिलालेख. इतिहासकार मॉम्सेनने 1853 साली सुरू केलेला लॅटिन शिलालेखांचा संग्रह अजून चालूच आहे. अर्ज करताना दार चुकलं तर 'आमच्याकडे हे नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. मला दोनदा आलंय.

पैशांचं पटकन सांगते. व्हिसासाठी 'बंद खात्यात' (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या आसपास. ते दरमहा 992 असे परत तुलाच मिळतात. आपल्याकडच्या पदव्यांची तपासणी करणारं एपीएस प्रमाणपत्र आधी काढ. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे फ्रायबुर्ग, हायडेलबर्ग, ट्युबिंगेनला, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. कोलोन-फ्रँकफर्टला नुसती सेमिस्टर वर्गणी. बाबांचं कर्ज त्यामुळे बरंच खाली येईल.

आता प्राध्यापकी. इथल्या कायद्याप्रमाणे विद्यापीठात मुदतीच्या करारावर डॉक्टरेटपर्यंत सहा वर्षं आणि नंतर आणखी सहा वर्षं काम करता येतं. मूल झालं तर दोन वर्षं वाढतात. बारा वर्षांत कायमची जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर त्या वाटेवरून खाली उतरायचं. सरकारने 'हाना' नावाच्या एका काल्पनिक संशोधिकेचा व्हिडिओ काढून ही पद्धत कशी चांगली हे समजावायचा प्रयत्न केला, त्यावर 2021 मध्ये हजारो संशोधक 'मीच हाना' म्हणत भडकले. त्यात मीही होते. पीएचडीची नोकरी बहुतेक वेळा अर्धी किंवा पासष्ट टक्के, म्हणजे पगारही त्याच प्रमाणात कमी. काम पूर्ण, ते कोणी मोजत नाही. माझे एकूण आठ करार झाले. सर्वांत छोटा चार महिन्यांचा होता, आणि पुढचा होणार नाही हे मला संपण्याच्या आदल्या आठवड्यात कळलं. तेव्हा चाळिशी जवळ आली होती, आणि आई फोनवर दर वेळी विचारायची, "परमनंट झालीस का गं?"

झाले, पण विद्यापीठात नाही. सध्या मी उत्खननात सापडलेल्या वस्तूंचं काम बघते. इथे नवी इमारत बांधायची तर जमिनीखाली काय आहे ते बऱ्याच ठिकाणी आधी खणून बघावं लागतं, आणि खर्च बहुधा बिल्डरच्या अंगावर. त्यामुळे खासगी उत्खनन कंपन्या आणि वारसा खात्यांना माणसं लागतात. आमच्या तळघरात खापरांचे क्रेट छतापर्यंत रचलेले असतात. टूथब्रशने धुवायचं, जाळीवर वाळवायचं, मग काळ्या शाईने प्रत्येकावर बारीक नंबर घालायचा. डेक्कन कॉलेजच्या फील्ड कँपमध्ये तू केलंस तेच, फक्त पाणी बर्फासारखं गार. मागच्या महिन्यात एका लाल चकचकीत बशीचं बूड ब्रशखाली आलं. चिखल निघाला आणि अक्षरं उमटली: कोबनेर्टुस, पुढे 'एफ', म्हणजे 'याने घडवलं'. ऱ्हाइनत्साबेर्नच्या भट्टीवरचा कुंभार. अठराएकशे वर्षांपूर्वीचं नाव हातात असतं, तेव्हा करारांचा राग थोडा वेळ विसरायला होतो. थोडाच वेळ.

तुझ्याकडे इथल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे. मुलाखतीत मला विचारलं होतं, "गिम्नासियम या माध्यमिक शाळेत सहा वर्षं लॅटिन शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्ही वेगळं काय कराल?" मी मेहनतीबद्दल काहीतरी बोलले. चुकलंच. रोमन जगाचं दुसरं टोक आपल्याकडे आहे. डेक्कन कॉलेजने 1954 ते 56 मध्ये नेवासे खणलं, तिथल्या ॲम्फोरांच्या, म्हणजे दारू-तेल नेायच्या रोमन रांजणांच्या, खापरांत व्हेसुवियसच्या परिसरातली काळी ज्वालामुखी वाळू दिसते. इटलीची दारू गोदावरीच्या खोऱ्यात! उलट, पश्चिम भारतात 'रोमन ॲम्फोरा' म्हणून नोंदलेली कित्येक खापरं मातीच्या भांड्यांच्या अभ्यासक रोबर्टा टोंबर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती मेसोपोटेमियाच्या टॉर्पेडो रांजणांची निघाली. हे रांजण आतून डांबराने लेपलेले असतात. अशी किती खापरं अजून चुकीच्या चिठ्ठ्या लावून कपाटांत पडली असतील? हा एका पीएचडीचा विषय आहे, आणि त्याची अर्धी सामग्री तुझ्या कॉलेजात आहे. कोल्हापूरची पोसायडनची कांस्यमूर्ती, तेरची हस्तिदंती बाई आणि पॉम्पेईत 1938 साली सापडलेली तिची बहीण यांवर खूप लिहून झालंय. साध्या खापरांवर त्या मानाने कमी.

म्हणून माझं म्हणणं असं: आत्ता निघू नकोस. पीएचडीऐवजी मास्टर्सला अर्ज कर, म्हणजे लॅटिनसाठी दोन वर्षं मिळतात. निघण्याआधी जर्मन किमान बी-टू पक्कं कर आणि कॉलेजच्या खापरांची कपाटं बघायची परवानगी माग. बाबांना सांग, कर्जाची घाई नको.

आणि पुढचा निरोप मला जर्मनमध्ये लिही. चुका लाल शाईने खुणावून परत पाठवीन.