लंडनमधल्या सेमी-डिटॅच्ड घरावर (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर) लॉफ्ट, म्हणजे माळ्याची राहती खोली, काढायचा आहे. तीन कोटेशनं आली आहेत, सगळ्यात स्वस्तवाला निम्मे पैसे आधीच मागतोय. बिल्डर भरवशाचा कसा ओळखायचा?

तीन कोटेशनांपैकी सगळ्यात स्वस्तवाला निम्मे पैसे आधीच मागतोय म्हणता, तर त्याला तिथूनच रामराम करा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे: पोलादी बीम बसले, छत बंद झालं, जिना लागला, तसतसे. शेवटचा हप्ता कम्प्लीशन सर्टिफिकेट (काम बांधकाम-नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला) हातात पडल्याशिवाय सोडू नका. पुढे घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) तोच कागद मागतो.

प्रत्येकाला वर माळ्यावर न्या आणि गप्प उभे राहा. जाणता माणूस आधी टेप काढून आढ्यापर्यंतची उंची मोजतो, मग खाली येऊन जिना कुठून निघेल आणि त्यावर डोक्याला दोन मीटर जागा मिळेल का ते बघतो. फायर डोअरचा (आग थोपवणाऱ्या दाराचा) विषयही तोच काढतो. आमच्याकडे आलेल्या एकाने टॉर्चसुद्धा आणला नव्हता, बाथरूमच्या टाइल्सवर मात्र अर्धा तास बोलला!

'प्लॅनिंग (कौन्सिलची बांधकाम-परवानगी) लागत नाही' हे बऱ्याचदा खरं असतं (तुमच्या सेमी-डिटॅच्डला ५० घनमीटरपर्यंत वाढीव जागेसाठी, इतर अटी पाळून). बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेचे नियम, मात्र कुणालाच चुकत नाहीत. सामाईक भिंतीत बीम रोवायचा असेल तर १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. हे त्याने स्वतःहून सांगितलं तर एक गुण जास्त द्या.

कंपनीज हाऊसवर (ब्रिटनमधल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत) नाव तपासा, विम्याचा कागद मागा. फोटोंवर जाऊ नका. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला लॉफ्ट बघायला जा, शक्यतो पाऊस पडत असताना.