बॉक्स हिलची पहिली संध्याकाळ

गुरुवारी संध्याकाळी बॉक्स हिलच्या, म्हणजे लंडनच्या दक्षिणेकडच्या टेकडीच्या, सायकल राइडला येतोयस, फार छान! लंडनहून इथवर येता येता पाय थोडे दमतातच, त्यामुळे चढाची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण टेकडीवर चढणारा झिगझॅग रोड जेमतेम अडीच किलोमीटरचा, चढ सरासरी पाच टक्के. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सायकल शर्यतीत पुरुषांनी तो नऊ वेळा चढला, आपल्याला एकदाच चढायचाय.

नवखे चुकतात ते पहिल्याच वळणावर. पुढच्यांच्या मागे जीव तोडून सुटतात आणि अर्ध्यात धाप लागते. तू हलका गिअर वळणाआधीच टाक. पाय जोरात दाबलेला असताना बदललास की चेन कडकड वाजते, कधी उतरतेही. बोलता येईल इतकाच वेग ठेव. वर आम्ही सगळ्यांसाठी थांबतो, कुणी मागे राहत नाही.

सोबत एवढं हवंच:
- पुढचा-मागचा दिवा, चार्ज केलेला
- पातळ विंडचीटर. घामेजलेल्या अंगाने उतरताना जूनमध्येही हुडहुडी भरते
- एक जादा ट्यूब
- केळं किंवा चिक्की, वरच्या कॅफेवर संध्याकाळी विसंबू नकोस

परतीला जवळच्या डॉर्किंग गावाहून ट्रेन. शेवटच्या नव्हे, त्याआधीच्या गाडीचा बेत ठेव. डब्यात सायकल पट्ट्याने बांध, दार मोकळं सोड. क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा), पॉवर मीटर (पेडलवर किती ताकद लावतोस ते मोजणारं यंत्र) वगैरे पुढे बघू.