परतीची तारीख

प्रिय मावशी,
मी सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या विद्यालयात, दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात माझा उपदेश आहे: बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 12 व्या अध्यायातला मूर्ख श्रीमंत शेतकरी, विषय चंगळवाद. माझा रूममेट वर्षातून दोनदा फोन बदलतो आणि वर मलाच हसतो. मी पैसे घालवतो ते फक्त पुस्तकांवर. 112 झाली आहेत. 19 वाचून झाली, बाकीची पाळक झाल्यावर निवांत वाचीन. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या वर्षानंतर चालू ठेवलं नाही, तिथली पुस्तकं 14 दिवसांत परत करावी लागतात. परवा एक ज्युनिअर ग्रीक शब्दकोश मागायला आला, मी नाही म्हणालो, त्याची टोचणी आहे. प्रार्थनेत मन लागत नाही. या चंगळवादी जगात श्रद्धा कशी टिकवू?
– गोंधळलेला

अरे गोंधळलेल्या,

रूममेटला सोड. तो फोन निदान वापरतो तरी.

‘14 दिवसांत परत करावी लागतात.’ हे तू जाता जाता लिहून गेलास आणि मी तिथेच अडकले. परत करावं लागतं म्हणून पुस्तक आणायचंच नाही, हा कुठला न्याय? तुला त्या तारखेची भीती वाटते, दुसरं काही नाही. विकत घेतलेल्या पुस्तकाला तारीख नसते. ते दहा वर्षं न उघडता राहिलं तरी कुणी दंड मागत नाही, उलट कपाटाकडे नजर गेली की आपण वाचणारे आहोत असं सुखद वाटत राहतं. फोनवाल्याला एवढं समाधान कुठलं मिळायला!

आता तुझा उपदेशाचा उतारा उघड. त्या शेतकऱ्याने चोरी केलेली नाही, कुणाला फसवलेलं नाही. पीक चांगलं आलं, इतकंच. पण त्याचं बोलणं ऐक: मी असं करीन, कोठारं मोडीन, मोठी बांधीन, मग जिवाला म्हणेन, आराम कर. सगळा भविष्यकाळ. ‘पाळक झाल्यावर निवांत वाचीन’ हे वाक्य त्याच्या शेजारी ठेवून बघ.

आणि 20 व्या वचनात देव त्याला काय म्हणतो? आज रात्री तुझा जीव मागितला जाईल. इथलं मूळ ग्रीक क्रियापद आहे अपाइतेओ. नुसतं मागणं नव्हे. दिलेलं परत मागणं, उसनं दिलेलं वसूल करायला येणं. जीवसुद्धा कार्डावर आणलेला होता, बाबा. बायबलच्या नव्या करारात पन्नास किंवा अधिक वेळा येणारे सुमारे 310 शब्द तुम्हाला आधी घोटायला लावतात, कारण तेवढ्यांत जवळजवळ 80 टक्के मजकूर उलगडतो. हा शब्द त्यांत नाही. तो दोनच ठिकाणी येतो, दोन्ही लूकमध्ये. त्यासाठी शब्दकोशच काढावा लागतो. तोच, जो तू ज्युनिअरला दिला नाहीस आणि, माझा अंदाज आहे, स्वतःही फारसा उघडला नाहीस.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्याच्या 33 व्या प्रकरणात कुणाही भावाने स्वतःचं पुस्तक, पाटी, लेखणीसुद्धा बाळगायची नाही, असं आहे. आणि 48 व्या प्रकरणात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता वाचायचं. एक माणूस, एक पुस्तक, ठरलेला काळ. शिवाय वाचनाच्या वेळी कुणी गप्पा मारत बसलं नाही ना, हे पाहायला एकदोन वडीलधारे फिरते ठेवलेले. बेनेडिक्ट माणसं ओळखून होता.

तर उद्या सकाळी कार्ड चालू कर, आणि तुझ्या कपाटात न वाचता पडलेलंच एक पुस्तक ग्रंथालयातून आण. हो, तेच पुस्तक, त्यांची प्रत. 250 पानांच्या आतलं निवड. कॉमेंटरी, म्हणजे बायबलवरचं भाष्य, नको, ती सलग वाचायची चीज नाही, प्रस्तावना आणि आपल्या उताऱ्यापुरता भाग एवढाच तिचा उपयोग, तोही उतारा स्वतः सात-आठ वेळा वाचून आपले प्रश्न कागदावर उतरवल्यानंतर. आधी कॉमेंटरी उघडणाऱ्याच्या उपदेशात दुसऱ्याचाच आवाज येतो. (आणि कॉमेंटरीचे अख्खे संच घेणं थांबव. बहुतेक संचांत प्रत्येक खंडाचा लेखक वेगळा असतो. एक खंड उत्तम निघतो आणि बाकीचे कपाट अडवतात.)

14 दिवसांतले दोन रविवार वजा कर, 12 उरले. पहिल्या दिवशी अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण. मग रोज 20 ते 25 पानं, सव्वा-दीड तास. ग्रंथालयाच्या प्रतीत रेघा मारता येत नाहीत, हे फार बरं आहे: प्रकरण संपलं की पुस्तक मिटून त्याचं म्हणणं वहीत चार ओळींत लिही. लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नकोस, ते प्रकरण पुन्हा वाच. तुझ्यासारखे बहुतेक घसरतात ते तळटिपांवर. तळटीप दिसली की तिथलं पुस्तक हवंसं वाटतं, रात्री मागवलं जातं आणि हातातलं 60 व्या पानावर राहतं. पहिल्या वाचनात तळटिपा ओलांड. अगदीच राहवलं नाही तर नाव वहीच्या शेवटच्या पानावर टाक. परतीच्या दिवशी ती यादी बघ, अर्धी नावं का लिहिली तेही आठवणार नाही.

प्रार्थनेबद्दल आत्ता काही बोलत नाही. तिलाही तू ‘निवांत’च्या खात्यात टाकलं असशील अशी शंका आहे. 14 दिवसांनी पुन्हा लिही.

ग्रंथालयात जाण्याआधी शब्दकोशात अपाइतेओ बघून घे आणि तो शब्दकोश वाटेत ज्युनिअरच्या खोलीवर देऊन जा. कधी परत करू, असं तो विचारेल. त्या क्रियापदाची दुसरी जागा लूक 6:30 आहे, उत्तर तिथे आहे: जो तुझं घेतो, त्याच्याकडून ते परत मागू नकोस.

– मावशी