आहारविषयक प्रश्नोत्तरे : पावडरच्या डब्यातील नवे घटक

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून जिल्हा पातळीवर कबड्डी खेळतो. आमचे घर शाकाहारी आहे. जिममधील प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून तो तीन महिन्यांपासून क्रिएटीन घेत आहे. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ आले आणि घरात सगळे घाबरले. ही पावडर मूत्रपिंडाला घातक आहे का? ती शाकाहारी असते का? — एक पालक, सांगली

उत्तर : क्रिएटीन हे काही काल-परवा सापडलेले रसायन नाही. १८३२ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसातून वेगळे केले. आपले शरीरही यकृत आणि मूत्रपिंडात अमिनो आम्लांपासून ते तयार करते, आणि त्याचा ९५ टक्के साठा स्नायूंमध्ये असतो. चढाईला गेलेला खेळाडू बोनस रेषेकडे झेप घेतो किंवा पकडीतून सुटण्यासाठी झटका देतो, तेव्हा त्या पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा याच साठ्यातून येते. बाहेरून मिळणारे क्रिएटीन मांस आणि माशांतून येते. अर्धा किलो कच्च्या मांसात ते साधारण दोन ग्रॅम असते, दुधात मात्र नाममात्र. त्यामुळे शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील साठा मुळात कमी असतो आणि पूरक मात्रेने तो ठळकपणे वाढतो. बाजारातील क्रिएटीन कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होते, त्यात प्राण्यांचा अंश नसतो. कॅप्सूल घेत असल्यास तिचे आवरण तेवढे प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे नाही ना, हे पाहावे.

आता रक्ताच्या अहवालाविषयी. स्नायूंतील क्रिएटीनचा थोडा अंश रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज घेतात. साठा वाढला, शिवाय मुलगा पिळदार अंगाचा असला, की मूत्रपिंड उत्तम काम करत असतानाही हा आकडा वर सरकतो. निरोगी तरुणांनी रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटीन घेतल्याने मूत्रपिंडाला इजा होते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. तरीही अहवाल अंदाजाने निकालात काढू नये. डॉक्टरांना पावडरची कल्पना द्यावी आणि सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी तसेच लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. या दोन्हींवर क्रिएटीनचा तसा परिणाम होत नाही. त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत पावडर बंद ठेवणे बरे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर हा प्रश्न प्रशिक्षकांचा नसून डॉक्टरांचा आहे.

आणखी दोन गोष्टी पालक म्हणून ध्यानात ठेवाव्यात. क्रिएटीन सुरू केल्यावर स्नायूंत पाणी धरले जाऊन वजन एक-दोन किलोंनी वाढू शकते, आणि वजनगटाच्या काठावर असलेल्या खेळाडूला निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात हे महागात पडते. दुसरे म्हणजे, क्रिएटीन स्वतः निषिद्ध नसले तरी भेसळीच्या डब्यात उत्तेजक द्रव्ये सापडू शकतात, आणि उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक म्हणजे उत्तेजकांची तपासणी झाल्याची पावती नव्हे. मुलगा राज्य पातळीवर जाणार असेल, तर स्वतंत्र प्रयोगशाळेत प्रत्येक बॅच तपासलेलेच उत्पादन घ्यावे आणि नुसते क्रिएटीन मोनोहायड्रेट (क्रिएटीनचा साधा, नेहमीचा प्रकार) असलेले घ्यावे. दहा-बारा घटकांचे ‘ब्लेंड’ लिहून कोणता किती हे झाकणारे डबे मी तरी कोणाला सुचवत नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे आणि मुंबईच्या मॅरेथॉनसाठी सराव करतो. गटातील काही जण शर्यतीपूर्वी बीटरूटची पावडर घेतात. उपयोग होतो का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होऊ शकतो. बीटमधील नायट्रेटचे तोंडातील जिवाणू नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि तितक्याच वेगाला प्राणवायू थोडा कमी लागतो. अव्वल धावपटूंपेक्षा आपल्यासारख्या हौशी धावपटूंत हा फायदा अधिक दिसतो. त्यासाठी शर्यतीच्या दोन ते तीन तास आधी सुमारे ४०० मिलिग्रॅम नायट्रेट पोटात जावे लागते. अडचण अशी की, बऱ्याच पाकिटांवर बीटच्या भुकटीचे वजन असते, नायट्रेटचे प्रमाण नसते. अशा पाकिटाला पैसे देऊ नयेत. जंतुनाशक माउथवॉशने त्या दिवशी चूळ भरल्यास जिवाणूच मरतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी लालसर झाली तर दचकू नये, आणि पहिला प्रयोग शर्यतीच्या दिवशी करू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातून ‘एचएमबी’ असलेली पावडर लिहून दिली आहे. ती बरीच महाग आहे. साधी प्रोटीन पावडर चालणार नाही का? त्यांना मधुमेह आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथिनांत ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल असते, शरीर त्याच्या जेमतेम पाच टक्के भागाचे एचएमबी करते. स्नायूंची झीज रोखण्याचे काम त्याच्याकडे आहे. अभ्यासांत वापरलेली तीन ग्रॅमची मात्रा अन्नातून मिळवायची, तर सुमारे ६० ग्रॅम ल्युसिन खावे लागेल, जे अशक्यच आहे. एचएमबी दिल्यास अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत स्नायू कमी झिजतात, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेत ६५२ वृद्ध रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एचएमबी आणि भरपूर प्रथिने असलेले पेय दिलेल्या गटात ९० दिवसांतील मृत्यू ४.८ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ९.७ टक्के. मात्र पुन्हा भरती होणे आणि मृत्यू हे दोन्ही मिळून धरलेल्या मुख्य निकषावर फरक पडला नाही. ते रुग्ण हृदयविकार, न्यूमोनिया अशा आजारांचे होते, हाड मोडलेले नव्हते, आणि चाचणीचा खर्च पेयाच्या उत्पादकाने केला होता. फायदा एचएमबीचा की प्रथिनांचा, हेही त्यातून वेगळे काढता येत नाही.

म्हणून माझे मत असे की, आधी प्रथिनांचा हिशेब करावा. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. सासूबाईंचे वजन ५० किलो धरले तर ६० ते ७५ ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी अर्धी पोळी आणि पातळ वरण, रात्री मऊ भात, एवढ्यावर हा आकडा निम्मासुद्धा होत नाही. शंभर ग्रॅम पनीर, वाटीभर घट्ट दही, मुगाचे धिरडे आणि चालत असल्यास एक-दोन अंडी यांनी बरीच भर पडते. एवढे खाणे जात नसेल, तर पावडर जरूर द्यावी आणि ऐपत असल्यास एचएमबीची द्यावी. पण सांगितलेल्या चमच्यांत दिवसाला तीन ग्रॅम बसते का, हे डब्यामागे वाचावे. घटकांच्या यादीत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारी पिष्टाची भुकटी) अगदी वर असेल, तर मधुमेहींसाठीचा प्रकार मागावा. वैद्यकीय आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा अशी सूचना असते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती सूचना अक्षरशः पाळावी, कारण मग प्रथिनांचे हे सगळे गणित बदलते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले उठण्या-बसण्याचे व्यायाम चुकवले, तर कोणतीही पावडर एकटी स्नायू बांधून देणार नाही.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी ‘वनस्पतिजन्य कोलॅजन’ घ्यावे का? मी शुद्ध शाकाहारी आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : कोलॅजन हे कातडी, हाडे आणि सांध्यांना बळकटी देणारे प्रथिन, ते वनस्पतींत नसते. ते गुरांची कातडी, हाडे किंवा माशांपासून काढतात. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटांत बहुधा क जीवनसत्त्व, काही अमिनो आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात. खऱ्या कोलॅजनमुळे गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचे काही अभ्यास आहेत, पण ते निष्कर्ष या पाकिटांना लावता येत नाहीत. क जीवनसत्त्वच हवे असेल, तर एक आवळा त्या पाकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल, आणि गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत.