बॅकअप लावलास, आता परवानग्या बघ

बॅकअप सुरू झाला म्हणून लगेच निवांत होऊ नकोस. विंडोजवर बॅकअपची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) बहुधा 'सिस्टीम' खात्यावर चालते, म्हणजे ॲडमिनपेक्षाही वरचढ. तिची ईएक्सई फाइल, म्हणजे प्रत्यक्ष चालणारी प्रोग्रामची फाइल, कुठे आहे? 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही. पण थेट सी ड्राइव्हवर नवा फोल्डर केलास, तर लॉगिन केलेल्या कुणालाही 'मॉडिफाय'चा, म्हणजे त्यातल्या फाइल बदलण्या-काढण्याचा हक्क आपोआप मिळतो. त्यांतल्या कुणी ती फाइल बाजूला सारून त्याच नावाची स्वतःची ठेवली, की पुढच्या रीस्टार्टला अख्खा संगणक त्याचा! त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स (वरून आपोआप येणारे हक्क) बंद कर आणि युजर्सना फक्त वाचायचा-चालवायचा हक्क ठेव.

लिनक्सवर रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, टारने सगळ्या फाइल एकत्र बांधून बॅकअप करतोस ना? मग स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच यूमास्क ०७७ लिही, म्हणजे बनणारी फाइल फक्त रूटलाच वाचता येईल; नाहीतर बॅकअपमध्ये आलेल्या शॅडो फाइलमधले पासवर्डचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) कुणीही वाचेल.