मुलगी म्हणते, मला मध्यस्थ व्हायचंय

प्रश्न : मुलगी विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. कोर्टात उभं न राहता मध्यस्थ होईन म्हणते. तडजोडी करून पोट भरतं का? – एक वडील, सांगली

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. पण मुलीने निवडलेलं काम मला मनापासून मोलाचं वाटतं.

दोन भावांचा विहिरीवरून दावा चालू आहे, असं समजा. कोर्ट हिस्सा ठरवील. पण पाण्याची पाळी कुणाची कधी, मोटर जळाली तर खर्च कुणाचा, हे निकालपत्रात क्वचितच येतं. मध्यस्थ दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाला वेगळं ऐकतो. तिथे थोरला सांगतो, ‘सहा वर्षं मोटरचं बिल मीच भरतोय, त्याने कधी विचारलंही नाही.’ दाव्यात या बिलाचा उल्लेखही नसतो. अडलेलं असतं ते तिथेच. थोरल्याची परवानगी असेल तरच मध्यस्थ हे धाकट्याला सांगतो. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. तोडगा भावांनीच काढायचा.

कामही वाढतंय. 3 लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे; सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं. 2023 मध्ये मध्यस्थतेचा स्वतंत्र कायदाही आला.

मात्र पदवी घेतली आणि मध्यस्थ झाली, असं होत नाही. न्यायालयाच्या यादीत अनुभवी वकील, निवृत्त न्यायाधीश असतात. त्यांना 40 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि प्रकरणामागे मानधन मिळतं. त्यावर घर चालत नाही. म्हणून तिने सनद घेऊन आधी काही वर्षं दिवाणी वकिली करावी. पुरावा कसा फसतो, तारखा कशा पडतात हे पाहिलेल्या माणसाचं पक्षकार ऐकतात. कोर्टात उभं राहणं टाळायचंच असेल, तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होता येतं, पण जागा मोजक्या निघतात.

या सुट्टीत तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा. मध्यस्थीची बैठक गोपनीय असते, आत बसू देणार नाहीत. पण लोक अदालतीच्या तयारीत हात लावता येईल का, हे तिने जरूर विचारावं. तुम्हीही एकदा सोबत जा.